ग्राहकाचा वैताग आणि नॉटिंगहॅमचे मोजे विणणारे

लेखन: उत्तररात्र

गेल्या महिन्यात माझ्या वडिलांच्या मोबाइलमध्ये रात्रीतून एक अपडेट आपोआप उतरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आलेला फोन उचलता येईना. तोपर्यंत हिरव्या वर्तुळावर बोट टेकवले की बोलणे सुरू होत असे. आता तेच वर्तुळ बोटाने धरून एका बाजूला ओढावे लागत होते. वडिलांचे वय ८१ आहे आणि त्यांच्या उजव्या हाताला किंचित कंप आहे. त्यांनी तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा बोट मध्येच सुटले किंवा भलत्या दिशेला गेले आणि फोन कट झाला. मग त्यांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाले, "माझंच काहीतरी चुकत असेल."

हे वाक्य तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. ज्यांनी उभे आयुष्य हिशेबाच्या वह्या बिनचूक जुळवण्यात घालवले, त्यांना स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या वस्तूसमोर एका सकाळी अडाणी ठरावे लागले. हा बदल त्यांनी मागितला नव्हता, त्याची पूर्वसूचना त्यांना मिळाली नव्हती आणि "मला जुनेच राहू द्या" असे सांगण्याची सोय त्या यंत्रात कुठेही नव्हती. मी हा प्रसंग एका स्नेह्याला सांगितला, तेव्हा तो सहज म्हणाला, "तू लडाइट होत चालला आहेस." यंत्राला घाबरणारा, प्रगतीच्या आड येणारा माणूस असा त्याला अर्थ अभिप्रेत होता. त्या शब्दाचा मला राग आला आणि त्या रागातूनच मी मूळ लडाइटांविषयी वाचायला बसलो. जे हाती लागले, ते येथे मांडतो.

इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यात मोजे विणणाऱ्या कारागिरांची मोठी वस्ती होती. मार्च १८११ मध्ये तेथील आर्नोल्ड या गावात एका रात्रीत साठाहून अधिक माग फोडण्यात आले आणि पुढच्या काही महिन्यांत हे लोण शेजारच्या परगण्यांत पसरले. धमकीच्या पत्रांखाली "नेड लड" अशी सही असे. अशी कोणी व्यक्ती या चळवळीचे नेतृत्व करत होती, याचा पुरावा नाही. अनेकांनी मिळून पांघरलेले ते एक नाव होते, आणि त्यावरूनच या माणसांना लडाइट म्हणतात. आपल्या समजुतीप्रमाणे ही माणसे यंत्र पाहून बिथरलेली असायला हवीत. प्रत्यक्षात मोजे विणण्याचा माग विल्यम ली याने १५८९ मध्ये तयार केला होता, म्हणजे त्या यंत्राला तेव्हा सव्वादोनशे वर्षे होत आली होती. हे कारागीर त्याच यंत्रावर लहानपणापासून बसत आले होते, त्याची कुरकुर त्यांना कानाने ओळखता येत होती. अनेकांच्या घरातला माग मात्र त्यांच्या मालकीचा नसे; तो दुसऱ्याचा असे आणि त्याचे भाडे कारागिराच्या मजुरीतून कापले जाई.

त्यांची तक्रार अगदी नेमकी होती. काही व्यापाऱ्यांनी रुंद मागांवर सरसकट कापड विणून घ्यायचे, ते कापायचे आणि शिवून त्याचे मोजे करायचे, असा स्वस्तातला मार्ग काढला होता. पायाच्या आकाराप्रमाणे विणलेल्या मोज्याला पक्की किनार असते. कापून शिवलेला मोजा शिवणीतून उसवतो. ग्राहक एकदा फसला की त्या परगण्याच्या साऱ्याच मालावरून त्याचा विश्वास उडत असे. जोडीला उमेदवारी न केलेल्या पोरांना कमी मजुरीवर बसवणे आणि मजुरीऐवजी माल गळ्यात मारणे हेही चालू होते. म्हणून फोडताना निवड केली जाई. ज्या मालकाने दर पाडला होता त्याचे माग फुटत, आणि ज्याने ठरलेला दर पाळला होता त्याचे माग शेजारीच धक्का न लागता उभे राहत. यंत्राच्या भीतीने आंधळा झालेला जमाव अशी निवड करत नाही.

सरकारने मग फेब्रुवारी १८१२ मध्ये माग फोडणाऱ्याला देहदंड देणारे विधेयक आणले. २४ वर्षांचा कवी लॉर्ड बायरन २७ फेब्रुवारी रोजी उमरावांच्या सभागृहात पहिल्यांदाच बोलायला उभा राहिला, तो या विधेयकाला विरोध करण्यासाठी. त्या भाषणात त्याने असेही सांगितले की, या नव्या पद्धतीने निघणाऱ्या निकृष्ट मालाला धंद्यातील लोक "कोळ्याचे काम", म्हणजे कोळिष्टकासारखे विणकाम, म्हणतात. विधेयक अखेर मंजूर झाले. उठाव दडपण्यासाठी सुमारे बारा हजार सैनिक त्या भागांत उतरवण्यात आले होते.

मला येथे एवढेच म्हणायचे आहे की, आज ग्राहक म्हणून आपण ज्याला वैताग म्हणतो, तो यंत्राविषयीचा नाही. यंत्रासोबत न विचारता लादल्या जाणाऱ्या अटींविषयीचा तो आहे, आणि नॉटिंगहॅमच्या त्या कारागिरांचा रागही अटींवरच होता. माझ्या वडिलांना मोबाइल आवडतो. परगावच्या नातवंडांचे चेहरे त्यांना त्यात दिसतात. आपण आपले अनुभव आणि मतभेद दोन्ही अवश्य लिहावेत.

प्रतिसाद: समांतर

लेख मनापासून लिहिला आहे आणि वडिलांचा प्रसंग वाचून वाईट वाटले. परंतु मूळ तुलनेशी मी सहमत नाही, आणि ते स्पष्ट सांगितलेले बरे.

लडाइट हे उत्पादक होते, आपण ग्राहक आहोत. यंत्रावर निघालेले कापड स्वस्त झाले, म्हणूनच ज्यांच्याकडे अंगावरच्या एका जोडीपलीकडे काही नव्हते, त्यांना दुसरी जोडी मिळाली. उसवणारा मोजा वाईट, हे खरे; पण ज्याला एरवी मोजाच मिळत नव्हता त्याच्या दृष्टीने विचार केला, तर चित्र बदलते. त्या काळी कारागिरांचे सारे म्हणणे मान्य झाले असते, तर त्याची किंमत त्यांच्याहून गरीब असलेल्या खरेदीदाराने मोजली असती. दुसरे असे की, विणकराला त्या व्यवस्थेतून बाहेर पडणे शक्य नव्हते. त्याचे पोट तिच्यावर होते. ग्राहकाला एखादी वस्तू आवडली नाही तर तो दुसरी घेऊ शकतो. उपासमार आणि गैरसोय यांना एकाच तागडीत टाकणे त्या फासावर गेलेल्या माणसांवरही अन्याय करणारे आहे, असे मला वाटते.

प्रतिसाद: पक्कड

समांतर यांनी "दुसरी घेऊ शकतो" असे लिहिले आहे, तेवढ्यापुरते बोलतो. मी घरगुती उपकरणे आणि मोबाइल दुरुस्त करतो, या कामात माझी बावीस वर्षे गेली.

पूर्वी मोबाइलचे मागचे झाकण नखाने उघडत असे, बॅटरी हातात येत असे आणि नवी बसवायला अर्धे मिनिटही लागत नसे. आज तीच बॅटरी काढण्यासाठी मला आधी काचेच्या कडा गरम कराव्या लागतात, गोंद मऊ झाला की पातळ पाते आत सरकवावे लागते आणि ते दोन मिलिमीटर जास्त आत गेले तर पडद्याची पट्टी कापली जाते. बॅटरी स्वतःही खाली गोंदाने चिकटवलेली असते. ओढताना ती वाकली तर पेट घेऊ शकते. स्क्रूचे डोके पाच पाकळ्यांचे असते, त्यामुळे घरातला साधा स्क्रूड्रायव्हर चालत नाही. एवढे करून अस्सल सुटा भाग बसवला, तरी काही मोबाइलमध्ये "हा भाग ओळखता आला नाही" अशी सूचना येते, कारण प्रत्येक भागाचा क्रमांक मूळ बोर्डाशी सॉफ्टवेअरने बांधलेला असतो. एकाच मॉडेलचे दोन नवे कोरे मोबाइल घेऊन त्यांचे भाग आपसात बदलले, तरीही ही सूचना येऊ शकते. यात भागाच्या दर्जाचा प्रश्नच उरत नाही. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये केलेल्या कायद्यात भाग असे बांधून ठेवण्याला बंदी घातली, ती या कारणासाठीच.

कपडे धुण्याच्या यंत्राचे उदाहरण त्याहून सोपे आहे. ड्रमच्या मागे बेअरिंग असते, ते झिजले की यंत्र विमान उडाल्यासारखा आवाज करते. बेअरिंग ही अतिशय किरकोळ किमतीची वस्तू आहे. पूर्वी ड्रमभोवतीची प्लास्टिकची टाकी दोन अर्ध्या भागांत येत असे आणि ते भाग स्क्रूने जोडलेले असत. आता अनेक यंत्रांमध्ये ते दोन्ही भाग वितळवून एकजीव केलेले असतात. बेअरिंगपर्यंत पोचताच येत नाही, म्हणून ड्रमसकट पूर्ण टाकी बदलायला सांगतात आणि तिची किंमत ऐकून बहुतेक लोक नवे यंत्र घेतात. "दुसरी घेणे" हा पर्याय उरतो हे खरे, पण तो सोडून बाकीचे पर्याय कोणीतरी आधीच बंद केलेले असतात.

ग्राहक माझ्यासमोर उभा राहून "आमच्याच वापरण्यात चूक झाली असेल ना?" असे विचारतो. धागालेखकांच्या वडिलांचे वाक्य मी आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकतो.

प्रतिसाद: जुनी वही

चर्चा योग्य वळणावर आहे, म्हणून इंग्लंडमधल्याच यॉर्कशायर परगण्याची बाजू जोडते. नॉटिंगहॅमपेक्षा मला ती अधिक बोलकी वाटते.

तेथे लोकरी कापडावरची लव कातरून ते गुळगुळीत करणारे कारागीर होते. त्यांची कात्री इतकी अवजड असे की वर्षानुवर्षे ती पेलून उजव्या मनगटावर खुरासारखा घट्टा उठे आणि त्यावरून माणसाचा धंदा ओळखता येई. त्यांच्या कामावर दोन यंत्रे आली: कापडाची लव उठवणारे आणि ती कातरणारे. यांपैकी लव उठवण्याच्या यंत्राला मनाई करणारा सहाव्या एडवर्डच्या काळातील जुना कायदा अजून पुस्तकात होता. हे कारागीर घण घेऊन धावले नाहीत. त्यांनी वर्गणी काढली, वकील दिले, संसदेकडे अर्ज केले, समितीसमोर साक्षी दिल्या. अंमलबजावणी करा, एवढेच त्यांचे मागणे होते. संसदेने काही वर्षे तो कायदा तात्पुरता स्थगित ठेवला आणि १८०९ मध्ये तो रद्दच करून टाकला. संघटना करून दर ठरवावा, तर १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी कामगारांच्या संघटनांनाच बंदी केली होती. अर्ज करून झाला, कायदा दाखवून झाला, एकत्र येण्याला मनाई झाली, आणि त्यानंतर १८१२ मध्ये घण उचलला गेला.

त्या घणाला ते "इनॉक" म्हणत. मार्सडेन गावचा इनॉक टेलर हा लोहार कातरण्याची यंत्रेही बनवत असे आणि घणही. ज्याने घडवले त्याच्याच नावाने फोडायचे, अशी त्यांची म्हण झाली होती. एप्रिल १८१२ मध्ये रॉफोल्ड्स येथील गिरणीवरचा हल्ला फसला, त्याच महिन्यात विल्यम हॉर्सफॉल या गिरणीमालकाची गोळ्या घालून हत्या झाली, आणि जानेवारी १८१३ मध्ये यॉर्क येथे सतरा जणांना फाशी देण्यात आले. हत्येचे समर्थन मला करायचे नाही. त्या गोळीने चळवळीविषयीची सहानुभूतीही संपवली.

समांतर यांच्या मुद्द्याचे वजन मी मानते: भूक आणि गैरसोय एक नाहीत. तरीही क्रम पाहावा, एवढी विनंती आहे. दाद मागण्याच्या वाटा एकेक करून बुजवल्या गेल्या आणि उरलेल्या वाटेला इतिहासाने "यंत्राचा द्वेष" असे नाव दिले. या कारागिरांच्या एका पत्रात सर्वसामान्यांना अपाय करणारी यंत्रे बंद करावीत, अशी मागणी आहे. "अपाय करणारी" हे विशेषण त्यांनी विचारपूर्वक वापरले होते. आपल्याकडे गांधीजींनी १९२४ मध्ये नेमका असाच भेद केला होता. आपला आक्षेप यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे, असे सांगून त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद आवर्जून काढला. ते यंत्र घडवायला कारखाना लागेलच की, असे विचारल्यावर असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे किंवा नियंत्रणाखालचे असावेत, असे त्यांचे उत्तर होते. यंत्र कोणाच्या ताब्यात आणि कोणाच्या भल्यासाठी, हाच प्रश्न तेथेही आहे.

प्रतिसाद: कोरा कागद

"माझंच काहीतरी चुकत असेल" या वाक्यावरून ब्रिटनमधील टपाल खात्याचे प्रकरण आठवले. १९९९ पासून तेथील टपाल कचेऱ्यांत होरायझन नावाची संगणकप्रणाली बसवण्यात आली. प्रणाली रोख रकमेत तूट दाखवू लागली आणि ती तूट कचेरी चालवणाऱ्यांनी खिशातून भरावी, असा तगादा सुरू झाला. मदतकेंद्राला फोन केल्यावर "ही अडचण फक्त तुम्हालाच येते" असे उत्तर मिळाल्याचे अनेकांनी पुढे सांगितले. नऊशेहून अधिक लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांसाठी दोषी ठरवण्यात आले. काहींनी तुरुंगवास भोगला, काहींनी जीव दिला. संगणक बरोबर चालत होता असेच न्यायालयाने गृहीत धरायचे आणि चूक असल्याचे दाखवण्याचा भार आरोपीवर टाकायचा, असा नियम त्याच सुमारास तेथे लागू झाला होता. डिसेंबर २०१९ च्या निकालाने प्रणालीत दोष असल्याचे मान्य केले आणि २०२४ मध्ये कायदा करून शिक्षा रद्द करण्यात आल्या.

ती माणसे यंत्रविरोधी नव्हती. रोज संध्याकाळी दार लावून, तीच नोटांची थप्पी पुन्हा पुन्हा मोजत बसणारी ती माणसे होती. यंत्राचा शब्द माणसाच्या शब्दापेक्षा वरचा मानला, की पुढे काय होते ते त्यांनी भोगले. म्हणून "वापरता येत नाही, शिकून घ्या" असे कोणी सहज म्हणाले, की मी सावध होते.

प्रतिसाद: दुर्बीण

लडाइट हे उत्पादक होते हा आक्षेप बरोबर आहे, म्हणून ग्राहकांनी स्वतः केलेल्या विरोधाची उदाहरणे देतो. ती कमी ऐकिवात आहेत.

अमेरिकेत पूर्वी टेलिफोन क्रमांकाच्या सुरुवातीला त्या त्या एक्सचेंजचे नाव असे. नावाची पहिली दोन अक्षरे फिरवून मग आकडे फिरवायचे. कंपनीने ही नावे काढून सगळे आकडेच ठेवायचे ठरवले, तेव्हा १९६२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे लोकांनी आकडेविरोधी संघच स्थापन केला. भाषातज्ज्ञ एस. आय. हायाकावा त्याचे सदस्य होते. टेलिफोन माणसांसाठी आहे, माणसांनी यंत्राच्या सोयीने वागायचे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटी आकडेच राहिले, हे खरे. परंतु ओळखीचा, तोंडात बसलेला क्रमांक बदलताना ज्याचा तो क्रमांक आहे त्याला विचारायला हवे, ही जाणीव तेव्हा जाहीरपणे मांडली गेली. दोनच वर्षांनी बर्कले येथील विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या पंचकार्डांवरचे (संगणकासाठी भोके पाडून माहिती नोंदवलेली कार्डे) "दुमडू नये, टोचू नये, फाडू नये" हे शब्द स्वतःच्या अंगावर लावून मिरवले: कार्डाला जेवढे जपता तेवढे तरी आम्हाला जपा.

दुसरे उदाहरण मला अधिक आवडते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील अनेक शेतकऱ्यांना मोटारीचा संताप येत असे. घोडे बुजत, कोंबड्या चिरडल्या जात, धुळीने पीक माखे. काही ठिकाणी त्यांनी रस्त्यावर चर खणले, काचा टाकल्या. पुढे १९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी आली, आणि त्याच शेतकऱ्यांनी ती घेतली. घेतली ती मात्र आपल्या अटींवर. मागचे चाक जॅकवर उचलायचे, त्याला पट्टा जोडायचा आणि त्यावर मक्याचे दाणे काढायचे, पाणी उपसायचे, कपडे धुण्याचे यंत्र फिरवायचे. मोटारीला इंजिन करून टाकण्याची ही मुभा कोणी दिली नव्हती आणि कोणी अडवलीही नव्हती, कारण बॉनेट उघडून आत काय आहे ते दिसत होते. आज त्याच देशातले शेतकरी ट्रॅक्टरचे निदान करणारे सॉफ्टवेअर मिळावे म्हणून जॉन डिअर कंपनीशी झगडत आहेत आणि जानेवारी २०२५ मध्ये तेथील केंद्रीय व्यापार आयोगाने या प्रश्नावर कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. आजोबांनी पट्टा जोडला तेथे नातवाला पासवर्ड आडवा येतो.

प्रतिसाद: समांतर

पक्कड आणि दुर्बीण यांचे प्रतिसाद वाचून माझ्या पहिल्या मतात मी बदल करतो: "दुसरी घ्या" हे उत्तर पुरेसे नाही, हे मान्य आहे. एक गोष्ट मात्र सोडत नाही. प्रत्येक बदलामागे कट नसतो. गोंदामुळे मोबाइलमध्ये पाणी शिरत नाही. अपडेटने सुरक्षेतील भगदाडे बुजतात, आणि ती नाकारण्याची मुभा सर्वांना दिली, तर वडीलधाऱ्या माणसांचीच बँक खाती आधी लुटली जातील. ज्याचे उदाहरण नेहमी दिले जाते, ते दिव्यांच्या कंपन्यांचे फीबस मंडळ घ्या. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणायचे ठरवले. तार अधिक तापवली की दिवा लवकर जातो, पण तेवढ्याच विजेत प्रकाशही जास्त देतो. त्यामागे खरे तंत्रज्ञान होते.

प्रतिसाद: उत्तररात्र

सर्वांचे आभार. समांतर, आपला शेवटचा मुद्दा मी टाळणार नाही. तार आणि प्रकाश यांचे गणित आपण सांगितले तसेच आहे. पण त्या मंडळात ज्याचा दिवा ठरल्यापेक्षा जास्त टिके, त्या कंपनीला दंड होत असे, आणि त्यासाठी दिवे गोळा करून तपासले जात. प्रकाश वाढवणे एवढाच हेतू असता, तर टिकाऊपणाला दंड लावण्याची गरज पडली नसती. कमी उजेडाचा पण जास्त टिकणारा दिवा हवा की उलट, हे गिऱ्हाइकाला ठरवू देता आले असते.

अपडेटबाबतही मला हेच म्हणायचे आहे. सुरक्षेची भगदाडे बुजवा, अवश्य बुजवा, त्यासाठी विचारूही नका. पण फोन उचलण्याची रीत बदलण्याचा सुरक्षेशी काय संबंध होता? या दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या जातात, म्हणून सुरक्षा हवी असेल त्याला बाकीचे सगळे मुकाट्याने घ्यावे लागते. ही गाठ सोडवणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. डिसेंबर २०१७ मध्ये अॅपलने मान्य केले की, बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग अपडेटद्वारे कमी केला जात होता. मोबाइल अचानक बंद पडू नये म्हणून तसे केले, हे त्यांचे कारण खोटे नव्हते. परंतु ते आधी सांगितले असते, तर लोकांनी नवा मोबाइल घेण्याऐवजी बॅटरी बदलली असती. फ्रान्सने फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांना अडीच कोटी युरोंचा दंड केला, तो ही माहिती ग्राहकांना न दिल्याबद्दल.

विकल्यानंतरही विकणाऱ्याचा हात वस्तूत राहतो, हे मला सगळ्यात जास्त खटकते. २००९ मध्ये अॅमेझॉनने लोकांनी पैसे देऊन घेतलेली जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके त्यांच्या किंडल या वाचनयंत्रातून परस्पर काढून घेतली. विकणाऱ्याकडे त्या पुस्तकांचे हक्क नव्हते आणि पैसे परतही मिळाले, पण छापील पुस्तकासाठी कोणी रात्री घरात शिरून कपाट उघडत नाही. नॉटिंगहॅमचा कारागीर दुसऱ्याच्या मालकीच्या मागाचे भाडे भरत होता. आपण पूर्ण किंमत मोजून मालक होतो आणि वागवले जातो ते भाडेकरूसारखे.

जुनी वही यांनी बुजवलेल्या वाटांचा क्रम सांगितला, त्यावरून एक आशेची गोष्ट नोंदवतो. या वेळी काही वाटा उघडत आहेत. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून काही उपकरणांवर ती किती सहज दुरुस्त होतात याचे दहापैकी गुण छापणे बंधनकारक झाले. युरोपीय संघात जून २०२५ पासून नव्या मोबाइलचे महत्त्वाचे सुटे भाग त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे मिळावे लागतात, आणि फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यावी, असा सर्वसाधारण नियम आहे. यातले काहीही कंपन्यांनी आपण होऊन दिलेले नाही. तक्रार करणाऱ्यांनी, दुरुस्ती करणाऱ्यांनी, चिवटपणे अर्ज करत राहणाऱ्यांनी ते मिळवले.

वडिलांच्या मोबाइलचे विचाराल, तर फोन उचलण्याची जुनी रीत निवडण्याचा पर्याय नंतर कोणीतरी दाखवला. तो सेटिंगमध्ये चार पायऱ्या आत होता. आता ते पुन्हा बोट टेकवून फोन उचलतात. प्रत्येक वेळी क्षणभर थांबतात, हे मात्र मला दिसते.

प्रतिसाद: कोरा कागद

पक्कड, एक विचारायचे राहिले. ती एकजीव केलेली टाकी खरोखरच उघडता येत नाही का? आमच्याकडच्या यंत्राचा आवाज तुम्ही लिहिला तसाच येतो आहे आणि पूर्ण टाकी बदलावी लागेल असे सांगून गेले आहेत.

प्रतिसाद: पक्कड

उघडता येते, पण वेळ द्यावा लागतो. टाकी बाहेर काढून जोडाच्या रेषेवर बारीक पात्याच्या करवतीने सगळीकडून कापत जायचे. घाई केली तर काप वाकडा जातो आणि नंतर पाणी गळते. मला पहिल्यांदा हे करताना साडेतीन तास लागले होते. दोन भाग वेगळे झाले की जुने बेअरिंग ठोकून बाहेर काढायचे, बसण्याची जागा स्वच्छ पुसायची, नवे बेअरिंग आणि नवे सील सरळ बसवायचे. मग कडेला सिलिकॉन लावून दोन्ही भाग पुन्हा एकमेकांवर ठेवायचे आणि स्क्रूने आवळायचे. सिलिकॉन पूर्ण सुकेपर्यंत यंत्र सुरू करू नका, एक दिवस जाऊ द्या.

स्क्रूसाठी भोके कुठे पाडायची, हा प्रश्न मलाही तेव्हा पडला होता. टाकीच्या कडेने बोट फिरवून पाहा. मी उघडलेल्या बऱ्याच टाक्यांना स्क्रूच्या जागा साच्यातच घडवलेल्या होत्या, ठरावीक अंतरावर, गोल, कोऱ्या. फक्त त्यांत स्क्रू घातलेले नव्हते. तुमच्या यंत्राचा मॉडेल क्रमांक कळवलात, तर किती लांबीचे स्क्रू लागतील ते सांगतो.